कळलं न्हाय, सर

त्या वर्षी आषाढात उचगावच्या शिवारात रोपलावणी जोरात चालली होती, आणि कल्लाप्पा डबा घेऊन लोखंड ओतायच्या फौंड्रीला चालला होता. बांधावरून जाताना दोन्ही बाजूंच्या खाचरांत बाया-बापय गुडघाभर चिखलात वाकलेली दिसायची. कुणीतरी मान वर करून ओरडायचं, "काय हापिसर, जरा हात लावा की!" मग सगळी हसायची. कल्लाप्पाही हसल्यासारखं करायचा. कारखान्यानं दिलेले बूट भिजू नयेत म्हणून तो ते हातात धरायचा. अनवाणी पायाला चिखल लागला की पाय आपोआप थबकायचे. पायांना अजून ठाऊक नव्हतं की आपलं खाचर गेलं.

कल्लाप्पाचा रताळ्याचा माळ आणि माळाखालची भाताची खाचरं गेल्या साली फौंड्रीत गेली होती. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एकाला काम, असं ठरलं होतं. काम मिळालं, पण कच्चं. पावसाळाभर माणूस बघायचा आणि मग ज्याला ठेवायचा त्याला कायम करायचं. ते ठरवणार होता फोरमन राघवनसाहेब.

राघवनसाहेब मद्रासकडचा. त्याला मराठी येत नव्हतं, कानडी येत नव्हतं, आणि हिंदी बोलायला लागला की तोच मध्येच थांबून कपाळ पुसायचा. इंग्रजी मात्र अशी, की तव्यावर शेंगा तडतडाव्यात. कल्लाप्पा चौथीपर्यंत शिकलेला. कानडी त्याला बाजारापुरतं यायचं, हिंदी मिलिटरीवाल्यांना भाजी विकण्यापुरतं. इंग्रजीचं नाव नव्हतं. पण त्यानं एक युक्ती काढली होती. साहेबाच्या तोंडाकडं बघायचं नाही, हाताकडं बघायचं. हात जिकडं जाईल तिकडचं काम. आणि शेवटी "येस सर" म्हणायचं. येस सर म्हटलं की साहेब पुढं जायचा. ही युक्ती बाकीच्यांनीही उचलली. शेडमध्ये दिवसभर येस सर, येस सर चालायचं, आणि कुणाला काय कळलंय हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

कल्लाप्पाकडं वाळू मळायचं मशीन होतं. गुऱ्हाळातल्या काहिलीएवढं लोखंडाचं भांडं, भिंती कमरेच्या वर, आत दोन जड चाकं. वाळू, माती आणि पाणी घालून ती फिरवली की साच्याची वाळू मळून निघायची. पाळी संपताना एकानं आत उतरून चिकटलेली वाळू खरवडायची.

एके दिवशी पाळी संपताना आत भरमू होता. भरमू कल्लाप्पाच्या गल्लीतला, दोघांच्या जमिनीचा बांध एक. लहानपणी दोघांनी एकत्र गुरं राखली होती आणि दोघांचे माळ एकाच दिवशी मोजले गेले होते. कल्लाप्पा बटणापाशी उभा होता. राघवनसाहेब घाईत आला, मशीनकडं बोट केलं आणि म्हणाला, "डोंट स्टार्ट टिल भरमू कम्स आऊट."

"येस सर," कल्लाप्पा म्हणाला.

साहेब पुढं गेला. कल्लाप्पाला त्यातलं ओळखू आलं ते एवढंच. स्टार्ट. भरमू. आऊट. भरमू आऊट झालाय, स्टार्ट कर. भांड्यात वाकलेला माणूस बटणापासून दिसत नव्हता. एक हाक मारावी असं मनात आलंही. पण साहेब शेडच्या तोंडाशीच उभा होता. सांगितलेलं झटक्यात केलं नाही तर त्याला वाटेल, ह्याला कळलंच नाही.

कल्लाप्पानं बटण दाबलं.

आतून जो आवाज आला तो माणसाचा आहे हे कळायलाही क्षण गेला. त्यानं बटण बंद केलं, पण चाकं लगेच थांबत नाहीत. भरमूला वर काढला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि तो ओरडायचा थांबला होता. उजव्या पायाचा बूट कापून काढावा लागला. पुढची बोटं बुटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्लाप्पाला आत बोलावलं. राघवनसाहेब खुर्चीत बसलेला, बाजूला मारुतीराव कारकून. मारुतीराव हिंडलग्याचा, साहेबाचं इंग्रजी मराठीत आणि कामगाराचं मराठी इंग्रजीत करायला ऑफिसात तेवढा एकच होता.

"साहेब विचारतात," मारुतीराव म्हणाला, "त्यांनी काल काय सांगितलं ते तुला कळलं होतं का?"

कल्लाप्पाच्या पावसात भिजलेल्या धोतरातून पाणी ठिबकत होतं. फरशीवर त्याचं छोटं तळं झालं होतं. कळलं न्हाय म्हणावं, तर आजपर्यंतचे सगळे येस सर खोटे ठरत होते. उद्या घरी बसायचं. आणि घरी बसून करायचं काय? पेरायला तर हातभर जमीन नव्हती.

"कळलंतं," तो म्हणाला.

"मग चालू का केलंस?"

"भरमूनं हात केला. आतनं. चालू कर म्हनून."

ते इतक्या सहज तोंडातून निघालं की तो स्वतःच दचकला. मारुतीरावानं साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं कल्लाप्पाकडं बघून मान डोलावली. भरमूला विचारायला दवाखान्यात कुणी गेलं नाही.

कल्लाप्पा मात्र गेला. न जाऊन कसं चालेल? गल्लीतलं सगळं माणूस जाऊन आलं होतं. भरमूची बायको मनुबाई खाटेशेजारी खाली बसली होती. कल्लाप्पाला बघून ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिनं त्याला हात जोडले.

"तुमी हुता म्हनून बरं झालं, भावजी. तुमी झटक्यानं बंद केलंसा. न्हायतर आख्खा पाय गेला आस्ता."

भरमू पांघरुणात जागा होता. तो कल्लाप्पाकडं बघत होता. कल्लाप्पानं आणलेली केळी खाटेच्या कडेला ठेवली, तर भरमूनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"औषिदानं गुंगी येत्या त्येंस्नी," मनुबाई म्हणाली. तिनं त्याला हॉटेलातून चहा आणून दिला. कल्लाप्पानं तो उभ्यानंच प्यायला. चहा ऊन होता, जीभ भाजली, पण थांबून फुंकर घालायची त्याची छाती झाली नाही.

भादव्यात कळलं, की भरमूला परत कामावर घेणार नाहीत. चूक त्याचीच, आत असताना त्यानंच खूण केली. त्या दिवशी कल्लाप्पाची बायको नागुबाई विहिरीवरून रिकामी घागर घेऊन घरी आली. घागर तिनं चुलीपाशी उपडी ठेवली.

"काय झालं?" कल्लाप्पानं विचारलं.

"मनुबाईनं हिरीचा कासरा वडून घेतला माझ्या हातातनं. म्हनली, तुझ्या दाल्ल्याला इचार, माझ्या मानसानं कुटल्या हातानं खून केली? दोनी हातांत खरवडायचं लोखंड धरल्यालं हुतं म्हनं त्येनं."

कल्लाप्पा जेवत होता. तो जेवतच राहिला.

"खरं काय हाय?" नागुबाई म्हणाली.

"हापिसात काय लिवलंय ते मला काय म्हाईत."

नागुबाईनं पुन्हा विचारलं नाही. तिनं शेजारणीकडून पाणी मागून आणलं. विचारलं असतं, भांडली असती तर कल्लाप्पाला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मारुतीरावानं सगळ्यांना शेडमध्ये उभं करून सांगितलं. दसऱ्यानंतर माणसं कायम करायची आहेत. पण साहेब एकेकाला आत घेऊन स्वतः इंग्रजीत विचारणार, मारुतीराव मध्ये असणार नाही. ज्याला सांगितलेलं समजतं तोच मशीनवर राहील. ऐकून सगळ्यांची तोंडं उतरली. एक जण म्हणाला, "आता म्हातारपनी पाटी घेऊन बसायचं व्हय?" कुणी हसलं नाही.

घरी नागुबाईच बोलली. "आक्कांच्याकडं जावा की."

आक्का म्हणजे तानुबाई, कल्लाप्पाची थोरली बहीण. नवरा मेल्यावर सासरच्यांनी बाहेर काढली, म्हणून माहेरी आली आणि पुढं बेळगावच्या कॅम्पात एका मिलिटरी अधिकाऱ्याच्या बंगल्यावर मुलं सांभाळायला राहिली. साहेब बदलून गेला की येणारा नवा साहेब तिला ठेवून घ्यायचा. एका जत्रेला ती गावी आली होती. पायात चपला, हातात छत्री. पंगतीत ती पाणी वाढायला उठली, तर एका पाहुण्यानं पाणी घ्यायला नकार दिला. म्हणाला, साहेबांची उष्टी काढलेला हात आहे. सगळी पंगत कल्लाप्पाकडं बघायला लागली आणि कल्लाप्पा म्हणाला, "आक्का, तू आत जाऊन बस." ती आत गेली नाही. तांब्या जागेवर ठेवला, चपला घातल्या आणि एस्टी स्टँडची वाट धरली. त्यानंतर ती आली नव्हती आणि हाही गेला नव्हता.

पाळी सुटल्यावर एके दुपारी तो कॅम्पात गेला. बंगल्यावरून पुढं जायचा, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा. शेवटी फाटकावरच्या शिपायानंच हटकलं आणि मागल्या अंगानं धाडलं. मागच्या बाजूला नोकरांच्या खोल्या होत्या. तिथं ओसरीवर तानुबाई लहान मुलांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. केस पिकले होते. तिनं त्याला बघितलं, पण इस्त्री थांबवली नाही.

"कोन मेलं?" तिनं विचारलं.

"कोन न्हाय."

"मग कसा काय आलास?"

कल्लाप्पा ओसरीच्या पायरीवर बसला. काम, साहेब, दसऱ्यानंतरची परीक्षा, सगळं सांगितलं. भरमूचं सांगितलं नाही. तानुबाईनं ऐकून घेतलं. मग एक फ्रॉक घडी करून बाजूला ठेवला.

"मला लिवाय-वाचाय येत न्हाय," ती म्हणाली. "ए-बी-सी-डी येत न्हाय. कानानं शिकलोया. तसं चालंल का तुला?"

"चालंल."

"मग रोज ये. आनि हितं मागल्या अंगानं न्हाय यायचं. म्होरल्या फाटकातनं यायचं आनि तानुबाईचा भाऊ हाय म्हनून सांगायचं."

तो रोज जायला लागला. पाऊस असला की गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन जायचा. फाटकावर नाव सांगताना पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून आवाज फुटेना. तानुबाईची शिकवायची रीत तिच्या कामाचीच. बादली उचलायला लावायची आणि म्हणायची, लिफ्ट. दार ढकल, पुश. ओढ, पुल. इस्त्रीपाशी त्याचा हात नेऊन म्हणायची, हॉट, डोंट टच. थांब म्हणजे वेट. नंतर म्हणजे लेटर. बंगल्यातली बारकी पोरं कधीकधी ओसरीशी येऊन उभी राहायची आणि ह्या मिशीवाल्या माणसाचं "पुश, पुल" ऐकून तोंडावर हात धरून हसायची. कल्लाप्पाचे कान तापायचे. तानुबाई पोरांना हाकलायची नाही. "हसू दे," म्हणायची. "हसल्यानं भोकं पडत न्हाईत अंगाला."

एक वाक्य मात्र त्याला काही केल्या म्हणता येईना.

"म्हन. सर, आय डिडंट अंडरस्टँड. प्लीज से अगेन."

"म्हंजे काय?"

"कळलं न्हाय, परत सांगा."

"ते कशाला शिकायचं? मी कळाय पायजे म्हनून आलोय न्हवं?"

"सगळं कवाच कळत न्हाय," तानुबाई म्हणाली. "मी पयल्या साली हितं आलो, तवा मीबी येस मेमसाब, येस मेमसाबच म्हनत हुतो. एक दिवस मेमसाब म्हनली, ह्ये दूध नासलंय, पोराला देऊ नको. मी येस म्हनलो आनि दिलं. पोरगं रातभर वकलं. मेमसाबनं माझं गाठुडं बाहीर ठेवलं. मी ह्या ओसरीवर दिसभर बसलो, उठलोच न्हाय. संध्याकाळी ती आली, तवा एका बटलरला इचारून ह्येच एक वाक्य शिकलो हुतो. तेच तिला म्हनून दाखवलं. काम ऱ्हायलं ते त्या एका वाक्यानं. बाकी चिक्कार विंग्रजी आलं आस्तं, तरी ह्या वाक्याबिगर काम ऱ्हाईलं नसतं."

कल्लाप्पा जमिनीकडं बघत होता.

"आक्का," तो म्हणाला, "एक सांग. डोंट स्टार्ट टिल कम्स आऊट. ह्येचा अर्थ काय?" मधला शब्द त्यानं गाळला होता.

"कोन कम्स आऊट?"

"कोनबी."

"डोंट म्हंजे नको. टिल म्हंजे तवर. तो भाईर येईतवर चालू करू नको."

तानुबाईनं इस्त्री उभी केली. पाऊस थांबला होता, पत्र्यावरून थेंब गळत होते.

"कोन हुता आत?" तिनं विचारलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. बटण, बूट, मारुतीराव, हात केला म्हणाल्याचं, मनुबाईनं दिलेला चहा. सांगताना तो तिच्याकडं न बघता उंबऱ्यातल्या एका मुंगीकडं बघत होता. तानुबाई त्याला रागावली नाही, तिनं समजूतही काढली नाही. म्हणाली, "भरमू म्हंजे त्यो, तू तापानं पडलातास तवा तुझी गुरं पंधरा दिस ज्येनं राखली, त्योच न्हवं?"

"व्हय."

"उद्या येतास का?"

"येतो."

"ये," ती म्हणाली आणि कपड्यांचा गठ्ठा उचलून बंगल्यात गेली.

दसऱ्यानंतर साहेबानं एकेकाला आत घेतलं. बहुतेक जण घामाघूम होऊन बाहेर आले. कल्लाप्पाला साहेबानं नाव विचारलं, काम विचारलं, मग टेबलावरची एकेक वस्तू दाखवून ही उचल, ती ढकल, आता नको, नंतर, असं सांगितलं. कल्लाप्पानं सगळं बरोबर केलं. साहेब हसला. "गुड," म्हणाला. "यू आर परमनंट." परमनंट हा शब्द उचगावात सगळ्यांनाच कळत होता.

कल्लाप्पाच्या ओठावर भरमूचं नाव आलं होतं. पण साहेबाला पहिल्यांदाच हसताना बघितलं होतं त्यानं. उद्या सांगू, असं म्हणून तो बाहेर आला.

बाहेर माणसांनी घेरलं. "लेका, कुटं शिकलास रं?"

"कॅम्पात एक मास्तर हाय," कल्लाप्पा म्हणाला.

"आमालाबी घेऊन चल की."

"बघू. लई कडक मानूस हाय."

घरी नागुबाईनं गल्लीत साखर वाटली, भरमूचं घर सोडून. परत आली तेव्हा ताटलीत थोडी साखर उरली होती. ती तिनं डब्यात परत ओतली नाही, दाराबाहेर मुंग्यांना टाकली. उद्या सांगू म्हणत कल्लाप्पाचे दिवस जायला लागले. नव्या बुटांचा जोड मिळाला. भरमूच्या जागी कडोलीचा एक पोरसवदा गडी आला. तो भांड्यात उतरला की कल्लाप्पा बटणापासून लांब जाऊन उभा राहायचा, आणि हाका मारमारून त्या गड्याला हैराण करायचा.

सुगीच्या सुमाराला एके सकाळी भरमू फाटकावर आला. काखेत काठी, पायाला फडकं गुंडाळलेलं. शिपाई त्याला आत सोडेना. तेवढ्यात राघवनसाहेबाची जीप आली आणि भरमू काठी टेकत तिच्या आडवा गेला. शिपाई त्याचा दंड धरून ओढायला लागला. साहेब खाली उतरला. भरमू बोलत होता, साहेबाला कळत नव्हतं. मारुतीराव त्या दिवशी बेळगावला बँकेत गेला होता. साहेबानं इकडंतिकडं बघितलं. कामाला येणारी माणसं भोवती जमली होती, त्यांत कल्लाप्पा उभा होता.

"कल्लाप्पा, कम हिअर," साहेब म्हणाला. "यू नो इंग्लिश. टेल मी, व्हॉट इज ही सेइंग?"

कल्लाप्पा पुढं गेला. भरमू त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच दोघं असे समोरासमोर आले होते. भरमूनं त्याच्याकडं बघितलं, मग साहेबाकडं बघून सावकाश म्हणाला, "साहेब, मी हात केला न्हवता. मला बसून करायचं कायबी काम द्या. पन मी हात केला न्हवता, एवढं लिवा."

"व्हॉट?" साहेब म्हणाला.

काहीही सांगता आलं असतं. भरमूला इंग्रजी कळत नव्हतं, भोवतीच्या कुणालाच कळत नव्हतं. काम मागतोय, एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. पाठीमागं कुणीतरी खोकलं.

"सर," तो म्हणाला, "ही सेज... ही नो हँड." त्यानं स्वतःचा हात वर करून हलवून दाखवला. "धिस. ही डिड नॉट."

साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बट यू सेड ही डिड."

"येस सर." हा येस सर त्याला पुरता कळत होता. "आय सेड. आय टेल लाय, सर. भरमू नो मिस्टेक. यू से डोंट स्टार्ट. आय नो अंडरस्टँड. आय से येस."

साहेब तडतड बोलायला लागला. त्याचा चेहरा लाल झाला, हात जीपच्या टपावर आपटत होता. एकामागून एक वाक्यं आली आणि कल्लाप्पाला त्यातलं काहीही कळलं नाही. सवयीनं त्याच्या ओठावर तेच दोन शब्द आले. त्यानं ते गिळले.

"सर," तो म्हणाला, आणि आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली. "सर, आय डिडंट अंडरस्टँड. प्लीज से अगेन."

साहेब थांबला. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "व्हाय. डिड. यू. नॉट. टेल. मी. दॅट. डे?"

हे कल्लाप्पाला कळलं. सगळं कळलं. पण त्याला उत्तर देता येईना. इंग्रजीत येत नव्हतं, आणि मराठीत विचारलं असतं तरी आलं नसतं. तो बुटांकडं बघत उभा राहिला. भोवतीच्या माणसांना शब्द कळले नव्हते, पण काय झालं ते कळलं होतं. भरमूला तर सर्वांत आधी. तो म्हणाला, "सांगितलास?" कल्लाप्पानं मान हलवली. भरमू काठी सावरत वळला आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसला.

भरमूला पुढं स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. कल्लाप्पाला साहेबानं काढला नाही, पण कायमवरून पुन्हा कच्चा केला, मशीनवरून काढून वाळू उपसायला लावला. पुन्हा एक पावसाळा बघू, म्हणाला. आणि साहेबानंच मारुतीरावाकडून सगळ्यांना सांगवलं, की न कळलेल्या गोष्टीला जो येस म्हणेल त्याला घरी बसवीन, आणि जो विचारील त्याला बसवणार नाही. माणसांनी कल्लाप्पाला गाठलं. त्याच्याशी बोलायची कुणाची फारशी इच्छा नव्हती, पण गरज होती.

"त्यो मास्तर कुटं ऱ्हातोय, तेवडं सांग."

"मास्तर न्हाय," कल्लाप्पा म्हणाला. "माझी आक्का हाय. तानुबाई."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्या जत्रेच्या पंगतीत त्यांतले बरेच जण जेवायला होते.

कल्लाप्पा कॅम्पात गेला. काय झालं ते सांगितलं, मास्तर म्हणाल्याचंही सांगितलं. तानुबाई पोराला भात भरवत होती. घास भरवून झाल्यावर तिनं हात धुतला.

"आयतवारी सुट्टी असत्या मला," ती म्हणाली. "येतो. पन तुझ्या घरात न्हाय बसनार. देवळाम्होरच्या कट्ट्यावर बसू. ज्येला यायचं त्यो येईल."

ती आली. पायात चपला, हातात छत्री. नागुबाईनं घरून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढं ठेवला आणि तिच्या पाया पडली. तानुबाईनं पाणी प्यायलं, घराकडं मात्र गेली नाही. पहिल्या रविवारी चार-पाच जण आले, तेही देवळात आल्यासारखं करून. पुढं पुढं कट्टा भरायला लागला. पिकल्या मिशांची माणसं पुश, पुल म्हणायची आणि बाया विहिरीवरून हसायच्या. एकदा मारुतीरावही सायकल थांबवून ऐकत उभा राहिला.

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी भरमू आला. पायामुळं उशीर झाला होता. कट्ट्यावर सगळे दाटीवाटीनं बसले होते, आणि कल्लाप्पाच्या बाजूची तेवढी जागा मोकळी होती. ती नेहमीच मोकळी राहायची. भरमू थोडा वेळ काठीवर भार देऊन उभा राहिला. मग बसला. त्यानं दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून समोर नीट ठेवला. त्याच्याकडं बघायचं नाही म्हणून सगळे तानुबाईकडं बघत राहिले.

"जोडीजोडीनं इचारायचं आज," तानुबाई म्हणाली. "शेजारच्याला नाव इचारायचं, कुटं ऱ्हातोस इचारायचं. भरमू, तू नवा हाईस. मी सांगतो तसं म्हन." तिनं वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. "आता तुझ्या बाजूच्याला इचार."

भरमू समोर बघत होता. फाटकावरच्या त्या दिवसानंतर तो कल्लाप्पाशी एक शब्द बोलला नव्हता. त्याचा जबडा हलला.

"व्हॉट इज युवर नेम?" तो म्हणाला.



"माय नेम इज कल्लाप्पा."

"व्हेअर डू यू लिव्ह?"

"आय लिव्ह... उचगाव."

"आता कल्लाप्पा, तू इचार," तानुबाई म्हणाली. तिचा आवाज बाकीच्यांशी असायचा तसाच होता.

कल्लाप्पानं विचारलं. भरमूनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. तानुबाई पुढच्या जोडीकडं वळली.

त्यानंतर भरमू दर रविवारी यायला लागला आणि बसायचा त्याच जागेवर. कट्ट्यावर दोघं एकमेकांना विचारायचे, काय काम करतोस, कधी उठतोस, घरी कोण कोण आहे. बरोबर उत्तरं द्यायचे. बाकीच्या दिवशी कारखान्याच्या वाटेवर गाठ पडली, की भरमू काठी टेकत, मान फिरवून पुढं जायचा आणि कल्लाप्पा बांधाखालच्या गवतात उतरून तो लांब जाईपर्यंत उभा राहायचा.